साथरोगांच्या नोंदी संगणकावर आणताना आरोग्य विभागाने काय करावे

एखाद्या आरोग्य विभागाने रोगांच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणायचे ठरवले की पहिली बैठक बहुधा सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे यावर होते आणि त्याच बैठकीत पुरवठादार कंपन्यांची सादरीकरणेही उरकली जातात. हा क्रम उलटा आहे. पडद्यावरचे नकाशे आणि आलेख कितीही देखणे असले, तरी ते पाहून कोणी, किती वेळात, कोणते पाऊल उचलायचे हे ठरलेले नसेल, तर त्या यंत्रणेचा उपयोग मासिक अहवाल छापण्यापलीकडे होत नाही. साथरोग सर्वेक्षणाची नवी संगणकीय यंत्रणा उभी करण्याची किंवा रखडलेली मार्गी लावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्या अधिकाऱ्यांसाठी पुढील कार्यपद्धती लिहिली आहे. त्यांतील बहुतेकांना संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसते. तशी ती असण्याची गरजही नाही, कारण अशा प्रकल्पांना लागणारे ग्रहण सहसा तांत्रिक नसते.

आधी निर्णय, मग रकाने

काम कोऱ्या कागदापासून सुरू करावे. डाव्या बाजूला विभाग प्रत्यक्षात घेत असलेले निर्णय लिहावेत: तपासणी पथक कधी पाठवायचे, पाण्याचा स्रोत कधी बंद करायचा, लसींचा साठा कोठून कोठे हलवायचा, खाटा कधी वाढवायच्या, लोकांना सूचना कधी द्यायची. प्रत्येक निर्णयासमोर तो कोण घेतो, त्यासाठी त्याला काय कळावे लागते आणि ते किती तासांत किंवा दिवसांत कळले तर उपयोगी पडते, हे नमूद करावे. कॉलऱ्याची लक्षणे लागण झाल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत दिसू लागतात, त्यामुळे संशयित रुग्णांचे आकडे महिनाअखेरीस एकत्र करून पाठवणारी व्यवस्था पाण्याविषयीच्या निर्णयाला काहीच कामाची नसते. क्षयरोगाचे औषधोपचार मात्र अनेक महिने चालतात. तेथे रोजच्या नव्या आकड्यापेक्षा मागच्या महिन्यात औषध नेलेला रुग्ण या महिन्यात परत आला की नाही, हे कळणे महत्त्वाचे असते. पहिल्या रोगासाठी वेगवान इशारा हवा आणि दुसऱ्यासाठी एकाच माणसाचा दीर्घकाळ माग ठेवणारी नोंद हवी. या दोन वेगळ्या गरजा एकाच प्रपत्रात कोंबण्याचा प्रयत्न झाला की दोन्ही अर्धवट भागतात.

हा तक्ता तयार झाल्यावर सध्याची सर्व प्रपत्रे समोर घ्यावीत आणि ज्या रकान्यासमोर एकही निर्णय लिहिता येत नाही तो काढून टाकावा. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण प्रत्येक शाखा आपापला रकाना घुसवू पाहते आणि ‘पुढेमागे लागेल’ हे कारण कोणालाच खोडता येत नाही. म्हणून रकाने नाकारण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला लेखी द्यावा. ती व्यक्ती विभागातलीच असावी आणि तिला वरिष्ठांचा पाठिंबा असावा. समितीकडे हा अधिकार दिला की प्रपत्र वाढतच जाते.

एका नमुन्याचा माग काढा

यानंतर कार्यालयात बसून प्रवाह-आकृत्या काढण्याऐवजी एका रुग्णाच्या एका नमुन्यामागे प्रत्यक्ष जावे. ताप आलेला रुग्ण केंद्रात येतो, परिचारिका नोंदवहीत नाव लिहिते, रक्त घेतले जाते, नळीवर चिठ्ठी चिकटते, नमुना वाहनाची वाट पाहत शीतपेटीत थांबतो, प्रयोगशाळेत त्याची पुन्हा नोंद होऊन नवा क्रमांक पडतो, यंत्रातून निकाल येतो, तो कोणीतरी तक्त्यात उतरवतो आणि तक्ता कोणाच्या तरी सहीनंतर वरच्या कार्यालयात जातो. या प्रवासात सहा तारखा टिपून घ्याव्यात: लक्षणे सुरू झाल्याची, रुग्ण केंद्रात आल्याची, नमुना घेतल्याची, तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची, निकाल लागल्याची आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो कळल्याची. वीसपंचवीस नमुन्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिवस कोठे वाया जातात ते उघडे पडते. दिवस वाहनाच्या फेरीत किंवा सहीच्या प्रतीक्षेत जात असतील, तर कोणतेही सॉफ्टवेअर ते परत आणू शकणार नाही. तेथे वाहनाची फेरी वाढवणे किंवा सहीची अट काढणे हाच उपाय आहे, आणि तो स्वस्तही असतो.

जेथे माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तो सांधा अधिक बारकाईने तपासावा. इंग्लंडमध्ये २०२० साली नेमके अशाच सांध्यावर बिनसले. प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलींत घेऊन पुढे पाठवत होती. त्या जुन्या प्रकारच्या फायलीत जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात, एकेका चाचणीला अनेक ओळी लागत होत्या, आणि मर्यादा भरल्यावर उरलेल्या नोंदी गुपचूप गळून जात होत्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण अशा रीतीने रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या पथकांकडे त्यांची नावे वेळेवर पोहोचली नाहीत. प्रयोगशाळा, चाचणी आणि निकाल तिन्ही बरोबर असूनही केवळ फायलीच्या प्रकारामुळे साखळी तुटली.

असे सांधे पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण त्यांवर पहारा ठेवता येतो. पाठवणाऱ्याने किती नोंदी पाठवल्या आणि घेणाऱ्याकडे किती उतरल्या, हे दोन आकडे रोज आपोआप जुळवून पाहावेत. ते जुळले नाहीत तर नावानिशी नेमलेल्या एका व्यक्तीला त्याच दिवशी सूचना जावी. बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवतात तितकेच हे नेमाने व्हायला हवे.

व्याख्या, कोड आणि ओळख

‘रुग्ण’ कोणाला म्हणायचे हे ठरल्याशिवाय मोजणी सुरू करू नये. संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा तीन पातळ्यांची रुग्णव्याख्या लेखी असावी आणि ती केंद्रातील कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत त्याच्या टेबलावर असावी. साथ पुढे सरकते तशा व्याख्या बदलतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र बदलाची तारीख व्यवस्थेत नोंदलेली नसेल तर आलेख वाचणाऱ्याची दिशाभूल होते. १२ फेब्रुवारी २०२० या एका दिवसासाठी चीनच्या हुबेई प्रांताने १४,८४० नवे रुग्ण जाहीर केले तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्यांपैकी १३,३३२ जण प्रयोगशाळेच्या अहवालाविना, लक्षणे आणि छातीच्या स्कॅनवरून निदान झालेले होते आणि नव्या व्याख्येमुळे त्या दिवसापासून मोजणीत आले होते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या व्याख्येनुसार झाली हे साठवावे आणि आलेखावर व्याख्याबदलाच्या तारखेला उभी रेघ दाखवावी.

रोगांची नावे मोकळ्या मजकुरात लिहू देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. ती किंवा तिच्या आधीची दहावी, यांपैकी एक निवडून तिचे कोड वापरावेत आणि केंद्रातील कर्मचाऱ्याला यादीतून नाव निवडता येईल अशी सोय करावी. गावे, प्रभाग आणि आरोग्य केंद्रे यांनाही अधिकृत संकेतांक हवेत, नाहीतर एकाच ठिकाणाची नावे चार प्रकारे लिहिली जातात आणि एकाच ठिकाणी वाढलेला रुग्णांचा समूह डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. रुग्णाची ओळख म्हणून केवळ दूरध्वनी क्रमांक घेऊ नये, कारण अनेक घरांत एकच फोन सगळे वापरतात आणि क्रमांक बदलतातही. वेगवेगळ्या संगणकीय व्यवस्थांनी एकमेकींशी बोलावे यासाठी स्वतःची नवी भाषा शोधत बसण्यापेक्षा आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीची मानके ठरवणाऱ्या एचएल७ संस्थेचे ‘फायर’ हे खुले मानक स्वीकारणे शहाणपणाचे. एकत्रित आकडेवारीसाठी ऑस्लो विद्यापीठात विकसित झालेले डीएचआयएस२ हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर ८० हून अधिक देश वापरतात. शून्यापासून बांधणीचा प्रस्ताव येईल तेव्हा ते का चालत नाही, हे प्रस्ताव देणाऱ्याने आधी सिद्ध करावे.

शून्य आणि रिकामे

एखाद्या केंद्राकडून या आठवड्यात गोवराचा एकही रुग्ण कळवला गेला नाही. याचा अर्थ रुग्ण नव्हता, की कळवणारा रजेवर होता? या दोन परिस्थिती व्यवस्थेत वेगळ्या दिसायलाच हव्यात. म्हणून ‘शून्य’ असा अहवालही सक्तीने भरून घ्यावा आणि न आलेला अहवाल नकाशावर वेगळ्या रंगात दाखवावा. न आलेल्या अहवालाची जागा शून्याने भरणारी व्यवस्था धोकादायक असते, कारण जेथे यंत्रणा कोलमडली आहे तेच भाग तिच्यात सर्वांत निरोगी दिसतात.

शून्यावर विश्वास कधी ठेवायचा, याचे उत्तम उत्तर पोलिओ निर्मूलनाच्या कामाने दिले आहे. तेथे केवळ पोलिओ शोधत नाहीत. पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये अचानक आलेल्या लुळेपणाचा प्रत्येक रुग्ण, कारण काहीही असो, कळवला जातो. पोलिओ अजिबात नसला तरी इतर कारणांनी आलेला असा लुळेपणा दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक सापडायलाच हवा, असा निकष आहे. तेवढे रुग्ण सापडले नाहीत तर तो भाग पोलिओमुक्त मानला जात नाही. तेथील सर्वेक्षण झोपलेले आहे असे मानले जाते. शिवाय लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन शौच नमुने किमान ८० टक्के रुग्णांचे मिळायला हवेत. यंत्रणेला स्वतःची झोप मोजता यावी, अशी ही रचना आहे. प्रत्येक महत्त्वाच्या रोगासाठी असा एखादा ‘पार्श्वभूमी’ निकष शोधावा. तो शोधायला रोगतज्ज्ञ लागतो आणि तेथे पैसे वाचवू नयेत.

नोंद करणाऱ्याचा वेळ

माझ्या मते संपूर्ण प्रकल्पाचे भवितव्य या मुद्द्यावर ठरते. आरोग्य केंद्रातील परिचारिकेला एकाच रुग्णाची माहिती आधी नोंदवहीत, मग कार्यक्रमाच्या अ‍ॅपमध्ये, मग दुसऱ्या कार्यक्रमाच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये आणि संध्याकाळी वरिष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवावी लागत असेल, तर चौथ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत आकडे अंदाजाने भरले जाणार. त्यात तिचा दोष नाही. दुपारच्या गर्दीत समोर वीस रुग्ण बसलेले असताना सक्तीचा रकाना ओलांडण्यासाठी जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी टाकली जाते, आणि नंतर विश्लेषकाला प्रश्न पडतो की इतकी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली. अशा ठिकाणी ‘वय अंदाजे’ हा पर्याय प्रामाणिक असतो. तो द्यावा.

नव्या व्यवस्थेचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी घड्याळ लावून एक नोंद भरायला किती वेळ लागतो ते पाहावे, तेही मुख्यालयातील वेगवान इंटरनेटवर न पाहता, जेथे वीज जाते आणि जाळे तुटक मिळते अशा केंद्रात पाहावे. जाळे नसताना नोंद उपकरणात साठून राहावी आणि जाळे आल्यावर आपोआप पुढे जावी, ही सुविधा ऐच्छिक मानू नये. नवे अ‍ॅप सुरू करताना त्यामुळे कोणती जुनी नोंदवही किंवा कोणता अहवाल बंद होणार, हे त्याच परिपत्रकात लिहावे. तसे लिहिता येत नसेल तर अ‍ॅप सुरू करू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे, माहिती देणाऱ्याला काहीतरी परत मिळाले पाहिजे. तिच्या केंद्राचा साप्ताहिक आलेख, शेजारच्या केंद्रात वाढलेल्या तापाची सूचना, या आठवड्यात लसीसाठी बोलवायच्या मुलांची तयार यादी, यांपैकी काहीही चालेल. ज्या व्यवस्थेतून फक्त जाब विचारणारे फोन येतात, तिच्यात फोन येणार नाही इतकीच माहिती भरली जाते. याच कारणाने सर्वेक्षणाच्या आकड्यांना बढती किंवा शिक्षा जोडू नये. रुग्णसंख्या कमी दाखवणाऱ्याचा सत्कार करणारा विभाग पुढच्या साथीची बातमी वर्तमानपत्रात वाचतो.

माणसांना वगळून आकडे मिळवण्याचा मोह येथेच होतो. गूगलने २००८ मध्ये लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज बांधणारी सेवा सुरू केली. २०१२-१३ च्या हंगामात तिचे आकडे डॉक्टरांकडे प्रत्यक्ष आलेल्या रुग्णांच्या सरकारी आकड्यांच्या सुमारे दुप्पट निघाले आणि २०१५ मध्ये तिचे अंदाज प्रसिद्ध होणे थांबले. सांडपाण्याची तपासणी, शोधशब्द, कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा पूरक म्हणून जरूर उपयोग करावा. सांडपाण्याची तपासणी तर पोलिओ आणि कोविडच्या बाबतीत फारच उपयोगी ठरली आहे. परंतु केंद्रातील नोंदच डळमळीत असेल, तर त्या अंदाजांची पडताळणी करायला हाताशी काही उरत नाही.

निविदा आणि कंत्राट

एकाच मोठ्या निविदेत सर्व काही मागवण्याची सवय सोडावी. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा २००२ मध्ये सुरू झालेला संगणकीकरणाचा महाकाय कार्यक्रम अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये गुंडाळण्याचा निर्णय झाला. रुग्णालयांच्या गरजा वेगवेगळ्या असताना वरून एकच साचा लादला गेला, हे त्याच्या अपयशाचे एक मोठे कारण होते. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. अनेक कंत्राटदार होते, प्रत्येकाचा तुकडा आपापल्या जागी चालत होता, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची एकत्र चाचणी अगदी अखेरच्या दिवसांत झाली आणि सगळे तुकडे जुळवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे धड ठरलेले नव्हते.

काम छोट्या भागांत विभागावे आणि प्रत्येक भाग काही महिन्यांत प्रत्यक्ष वापरात येईल असा असावा. देयके ‘अहवाल सादर केला’ अशा टप्प्यांना न जोडता, ठरावीक संख्येच्या केंद्रांनी सलग काही आठवडे व्यवस्था वापरली या अटीला जोडावीत. कंत्राटात माहितीची मालकी विभागाची असेल, ती केव्हाही खुल्या स्वरूपात पूर्णपणे बाहेर काढून घेता येईल, विभागासाठी लिहिलेला मूळ प्रोग्राम आणि त्याची कागदपत्रे विभागाला मिळतील, आणि कंत्राट संपल्यावर पुढच्या पुरवठादाराला काम सोपवायला सध्याचा पुरवठादार बांधील राहील, ही कलमे असावीत. शेवटचे कलम बहुतेक जण विसरतात आणि मग तोच पुरवठादार वर्षानुवर्षे मुदतवाढ घेत राहतो. अंदाजपत्रकात खरेदीइतकेच लक्ष चालवण्याच्या खर्चाकडे द्यावे: सर्व्हर, दुरुस्ती, प्रशिक्षण, मदतवाहिनी, तुटलेली उपकरणे. देणगीदाराच्या पैशावर उभी राहिलेली व्यवस्था निधी संपताच बंद पडते, याचे कारण हा दुसरा खर्च कोणाच्याच लेखाशीर्षात नसतो.

पुरवठादाराला समजून घेणारे आणि त्याला प्रश्न विचारू शकणारे दोन-तीन जण विभागाच्या पगारावर हवेत. त्यांना प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालेल, पण माहितीचा तक्ता उघडून तपासता यायला हवा. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतातच, म्हणून पदभार सोपवताना निर्णयांची कारणे, प्रलंबित वाद, पासवर्ड कोणाकडे आहेत आणि पुरवठादाराशी काय ठरले आहे, याची टिपणी द्यावी. नवीन अधिकाऱ्याने पहिले सहा महिने नवे मॉड्यूल मागू नये, ही अट कागदावर आणता येत नाही. पण वरिष्ठांनी ती पाळायला लावावी.

प्रत्यक्ष सुरुवात

प्रायोगिक चाचणीसाठी विभाग आपले सर्वांत चांगले केंद्र निवडतो, आणि तेथे सगळे सुरळीत चालते, कारण तेथे सगळेच सुरळीत चालत असते. एक सक्षम, एक मध्यम आणि एक खरोखर अडचणीतले केंद्र घ्यावे. चाचणीत मुद्दाम साथीचा भार टाकून पाहावा, कारण अशा व्यवस्थेवर नेहमीच्या अनेक पट ताण नेमका तेव्हाच येतो, जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते. प्रशिक्षण एकदाच मोठ्या सभागृहात देऊन भागत नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक केंद्रात कोणीतरी शेजारी बसून शिकवणारे हवे.

कुलूप आणि किल्ल्या

१२ मे २०१७ रोजी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय नावाचा संगणकीय विषाणू जगभर पसरला आणि इंग्लंडमधील आरोग्य सेवेच्या २३६ ट्रस्टपैकी (म्हणजे रुग्णालये व इतर सेवा चालवणाऱ्या संस्थांपैकी) किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली; हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ती अनेक संगणकांवर बसवलीच गेली नव्हती. आयर्लंडच्या आरोग्य सेवेवरील हल्ला अधिक बोलका आहे. १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली आणि हल्लेखोर आत आले. पुढचे सुमारे आठ आठवडे ते जाळ्यात फिरत राहिले, त्यांच्या हालचालींचे इशारेही मिळाले, पण त्यांवर पुरेशी कारवाई झाली नाही. १४ मे रोजी त्यांनी यंत्रणा कुलूपबंद केली आणि देशभरातील रुग्णालये कागद-पेनावर आली. काही दिवसांनी हल्लेखोरांनी किल्ली फुकट दिली, तरीही सर्व सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला.

यावरून करायची कामे रुक्ष आहेत, पण चुकवता येण्याजोगी नाहीत. विभागाच्या जाळ्यावरील प्रत्येक यंत्राची यादी ठेवावी, कारण यादीत नसलेल्या यंत्राची दुरुस्ती होत नाही. सुरक्षा-दुरुस्त्या किती दिवसांत बसवल्या याचा आकडा दरमहा विभागप्रमुखांच्या समोर यावा. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. एकच पासवर्ड संपूर्ण कार्यालयाने वापरणे थांबवावे, आणि निदान प्रशासकीय खात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची करावी. बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तुटलेली ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती खरोखर उघडून, त्यातून व्यवस्था उभी करून पाहावी. न तपासलेला बॅकअप केवळ आशेवर असतो. वर्षातून एकदा संगणक बंद ठेवून अर्धा दिवस कागदावर काम करण्याचा सराव करावा. त्यासाठी छापील प्रपत्रे केंद्रात असावी लागतात, हेही तेव्हाच लक्षात येते.

लोकांनी दिलेली माहिती

आजाराची माहिती माणूस भीतीपोटी लपवतो आणि विश्वासापोटी देतो. सिंगापूरमधील संपर्कशोधाच्या ‘ट्रेसटुगेदर’ अ‍ॅपची माहिती केवळ साथीसाठी वापरली जाईल, असे सरकारने सांगितले होते. गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलीस ती मिळवू शकतात, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले, टीका झाली आणि पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. म्हणून माहिती कशासाठी वापरली जाईल, कोणाला दिसेल, किती काळ ठेवली जाईल आणि नंतर कशी नष्ट होईल, हे पहिली नोंद घेण्यापूर्वी कायद्याने किंवा किमान प्रसिद्ध आदेशाने ठरवावे. पुढे इतर खात्यांकडून मागणी आली की त्या आदेशाकडे बोट दाखवता येते.

नावे काढली की माहिती निनावी होते, हा समज सोडावा. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिले की केवळ टपाल क्षेत्र, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख यांवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोकांची एकमेव ओळख पटण्याची शक्यता असते. त्यामुळे बाहेर द्यायच्या माहितीत जन्मतारखेऐवजी वयोगट द्यावा, लहान गावाऐवजी मोठा भाग द्यावा आणि फार छोटे आकडे ‘पाचपेक्षा कमी’ असे दाखवावेत. एखाद्या छोट्या वस्तीत एड्सचा ‘एक’ रुग्ण असा नकाशा प्रसिद्ध होणे म्हणजे त्या माणसाचे नाव छापण्यासारखेच आहे. रुग्णाची नोंद कोणी कधी उघडली, याचा आपोआप लेखा ठेवावा आणि तो अधूनमधून खरोखर वाचावा.

वेळ मोजणे

व्यवस्था चालू झाल्यावर किती नोंदी झाल्या, किती लॉगिन झाले, असे आकडे फलकावर मिरवणे सोपे असते. त्यांऐवजी वेळ मोजावा. साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत तिचा सुगावा, त्यानंतर १ दिवसात वरच्या यंत्रणेला सूचना आणि पुढच्या ७ दिवसांत पहिल्या आवश्यक कृती पूर्ण, असे ७-१-७ चे उद्दिष्ट आता अनेक देश वापरतात. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसारही राष्ट्रीय यंत्रणेने गंभीर घटनेचे मूल्यमापन ४८ तासांत करायचे असते आणि घटना कळवण्याजोगी ठरली तर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला सूचना द्यायची असते. प्रत्येक उद्रेकानंतर ७-१-७ च्या तीन टप्प्यांच्या तारखा लिहाव्यात आणि उशीर कोठे झाला ते एका पानात नोंदवावे. दोष कोणाचा याच्या चौकशीशी हे पान जोडू नये, नाहीतर पुढच्या वेळी तारखाच बदललेल्या मिळतील.

जुनी नोंदवही केव्हा बंद करावी

जुनी आणि नवी पद्धत काही काळ सोबत चालवावी लागते, परंतु हा काळ लेखी मुदतीचा असावा. तीन महिने साधारणतः पुरतात. दर आठवड्याला काही केंद्रांची नोंदवही आणि संगणकातील नोंदी समोरासमोर ठेवून फरक मोजावा आणि तो आधी ठरवलेल्या मर्यादेत सलग चार आठवडे राहिला की त्या केंद्राची नोंदवही तारीख टाकून, सही करून बंद करावी. फरक कमी होत नसेल तर मुदत वाढवण्याआधी त्या केंद्रात जाऊन प्रपत्र पुन्हा पाहावे, कारण बहुधा एखादा रकाना तेथील कामाला जुळत नसतो. बंद केलेल्या नोंदवह्या नष्ट न करता कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत जपाव्यात, आणि जुन्या नोंदी संगणकात उतरवायच्या असतील तर त्या वेगळ्या चिन्हासह उतरवाव्यात, म्हणजे पुढे आलेख पाहणाऱ्याला त्या थेट भरलेल्या नोंदींपासून वेगळ्या ओळखता येतील.